सूर्याचा वारा आणि खोडदचा कानोसा

या व्याख्यानाचे नाव पत्रिकेत छापून आले तेव्हा आमच्या एका जुन्या सोबत्याने थट्टेने विचारले, "काय हो, बोनस आणि महागाईभत्ता सोडून तुम्ही सूर्याच्या मागे कधीपासून लागलात?" प्रश्न रास्त होता. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झालेले. पदवी वगैरे काही नाही. पण सूर्याकडे आम्ही वळलो ते गेट-सभेतूनच. चाकणच्या एका कारखान्याबाहेर सभा आटोपल्यावर जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली चारपाच तरुण पोरे आमच्याभोवती उभी होती. कामासाठी इतक्या लांब यावे लागते, आमच्याकडे कारखाने का येत नाहीत, असे एकाने विचारले. दुसरा म्हणाला, "खोडदच्या दुर्बिणीमुळे." मग ती दुर्बीण करते तरी काय, असे आम्ही विचारले, तर एकालाही सांगता येईना. ज्या गोष्टीपायी दोन तालुक्यांनी काही सोडले, तिची ओळख तिथल्याच लेकरांना नसावी हे आम्हांला बरे वाटले नाही, म्हणून आम्ही वाचू लागलो. खोडदची दुर्बीण आकाशातल्या पुष्कळ गोष्टींचा कानोसा घेते. त्यांतली एकच आज निवडली आहे, कारण तिचा इतिहास कुलाबा, अलिबाग, कल्याण असा आपल्याच मुलखातून खोडदला येतो. ती गोष्ट म्हणजे सूर्यावरून अखंड सुटणारा वारा. आणि तो सूर्यापासून दूर जाता जाता किती विरळ होतो व किती वेगाने वाहतो, हे माणसाला कसे उमगले त्याची हकीकत.

खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या बिंबाभोवती जे पांढरे तेजोवलय दिसते ते सूर्याचे प्रभामंडळ. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश तापलेला, तर त्याच्या बाहेरचे हे विरळ प्रभामंडळ दहा लाख अंशांच्या वर. इतक्या उष्णतेत अणू शाबूत राहत नाही. त्याचे प्रोटॉन वेगळे आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. अशा फुटलेल्या कणांचा लोट सूर्यापासून चहूंकडे सारखा वाहत असतो. हाच सौर वारा. आपल्या पृथ्वीपाशी त्याचा वेग बहुधा सेकंदाला ४०० किलोमीटरांच्या आसपास असतो. कधी ३०० इतका मंद, कधी ७००-८०० इतका जोरदार. म्हणजे आज सूर्यावरून निघालेला कण साधारण चार दिवसांनी येथे पोचतो. आणि दाटपणा? एका घनसेंटीमीटरात, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या जागेत, पाच ते दहा प्रोटॉन. या सभागृहातल्या हवेत तेवढ्याच जागेत २७ वर अठरा शून्ये मांडावीत इतके रेणू आहेत. कारखान्यात ज्याला निर्वात म्हणतात तेसुद्धा या वाऱ्यापुढे गर्दीचे ठिकाण होय. तरीही सूर्य एवढा मोठा की या वाऱ्यावाटे तो दर सेकंदाला दहा ते पंधरा लाख टन वस्तुमान गमावतो.

आता मुख्य हिशेब. तो समजावयास गणिताची पदवी लागत नाही; गिरणीचा दरवाजा पाहिलेला असला म्हणजे पुरे. पाळी सुटली आहे आणि दरवाजातून मिनिटाला शंभर माणसे मोठ्या मैदानात बाहेर पडत आहेत, असे समजा. सर्वजण एकाच चालीने, ज्याची त्याची दिशा धरून निघाले. दरवाजापाशी खांद्याला खांदा लागतो. पन्नास पावलांवर माणसे सुटी सुटी दिसू लागतात. दोनशे पावलांवर एकमेकांस हाक मारावी लागते. कोणाचीही चाल मंदावलेली नाही आणि कोणी वाटेत बसलेले नाही. दरवाजाभोवती कितीही मोठे अर्धवर्तुळ काढा, त्यातून मिनिटाला शंभरच माणसे बाहेर जातील. फक्त ती अधिकाधिक लांब रेषेवर पसरतील. म्हणून गर्दी विरळ होते. मैदान सपाट असल्यामुळे दुप्पट अंतरावर गर्दी निम्मी होते. सूर्याचा वारा मात्र वर, खाली, सर्व बाजूंना पसरतो. दुप्पट अंतरावरच्या गोलाचे क्षेत्रफळ चौपट, तिप्पट अंतरावरच्याचे नऊपट. म्हणून दुप्पट अंतरावर दाटपणा चौथा हिस्सा, तिप्पट अंतरावर नववा हिस्सा. वेग तोच, दाटपणा मात्र अंतराच्या वर्गाने उतरणारा, हे या वाऱ्याचे मूळ सूत्र.

आकडे घालून पाहा. पृथ्वीपाशी घनसेंटीमीटरात सात कण धरले, तर सूर्यापासून निम्म्या अंतरावर अठ्ठावीस आणि एकतृतीयांश अंतरावर त्रेसष्ट येतील. बाहेरच्या बाजूस गुरू ग्रह पृथ्वीच्या सव्वापाच पट लांब. तेथे चार घनसेंटीमीटर धुंडाळावे तेव्हा एक कण. नेपच्यून तीसपट लांब, तेव्हा नऊशेवा हिस्सा. लहान फुलपात्रभर जागेत एक कण! आपल्याकडे कालव्याचे आवर्तन सुटले की टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचतच नाही, कारण मध्ये गळती आणि वर उपसा. सूर्याच्या वाऱ्याला वाटेत गळतीही नाही आणि मोटारही लावलेली नाही. टेलला जे कमी मिळते ते निव्वळ पसरण्यामुळे.

हे आज आम्ही सहज सांगतो, पण सत्तर वर्षांपूर्वी असे बोलणाऱ्यास हसत असत. १९५१ साली जर्मनीत लुडविग बीअरमान नावाच्या शास्त्रज्ञाने धूमकेतूंच्या शेपट्यांकडे बोट दाखविले. धूमकेतू सूर्याकडे येत असो की सूर्यापासून परतत असो, त्याची वायूची शेपटी नेहमी सूर्याच्या उलट दिशेस असते. नुसत्या प्रकाशाच्या दाबाने वायूची शेपटी इतकी सरळ व वेगाने रेटली जाणार नाही; सूर्यावरून कणांचा सतत मारा होत असला पाहिजे, असा त्याचा तर्क. रस्त्यावरच्या मिरवणुकीतला झेंडा ज्या बाजूस फडकतो त्यावरून वारा ओळखावा, तसाच हा प्रकार. पण त्या काळी सिडनी चॅपमन या मोठ्या पंडिताचा हिशेब असा की, प्रभामंडळ हे सूर्याभोवती पृथ्वीच्याही पलीकडे पसरलेले, पण स्थिर उभे असलेले वातावरण आहे.

शिकागो विद्यापीठातल्या यूजीन पार्कर नावाच्या एकतीस वर्षांच्या माणसाने दोघांची कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवली आणि त्याच्या ध्यानात आले की दोन्ही एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. वातावरण स्थिर उभे असेल तर त्याच्यातून बीअरमानचा मारा जाणार कसा? आणि दहा लाख अंश तापलेले वातावरण स्थिर राहावयाचे तर बाहेरून त्याला दाबून धरणारा काहीतरी दाब हवा. तेवढा दाब ताऱ्यांमधल्या पोकळीत नाही. तेव्हा प्रभामंडळ उभे राहूच शकत नाही, ते वाहिलेच पाहिजे. सुरुवातीला सूर्याचे गुरुत्वाकर्षण त्याला आवळून धरते, म्हणून वायू हळूहळू सरकतो. पण जसजसे ते आकर्षण सैल होते तसतसा आतला दाब त्याला रेटतो आणि काही सूर्यत्रिज्यांच्या अंतरावर त्याचा वेग ध्वनीच्या वेगाहून जास्त होतो. बॉयलरच्या वाफेला आवळलेल्या आणि पुढे रुंदावलेल्या तोटीतून सोडले तर ती जशी सुसाट निघते, त्या तोटीचे काम येथे गुरुत्वाकर्षण करते. पुढे मात्र वेगात फारशी भर पडत नाही. म्हणजे सूर्यापाशी वेग चढणारा आणि मग जवळजवळ सपाट, आणि दाटपणा शेवटपर्यंत उतरणारा.

पार्करचा निबंध १९५८ साली अॅस्ट्रोफिजिकल जर्नलकडे गेला तेव्हा दोन्ही परीक्षकांनी तो नापास केला. त्या नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. त्यांनाही ही कल्पना फारशी पटली नव्हती. परंतु परीक्षकांनी गणितातली एकही चूक दाखविलेली नाही, एवढे पाहून त्यांनी निबंध छापला. स्वतःला न पटणारे मत, चूक दाखविता येत नाही एवढ्याच कारणाने सभेपुढे येऊ द्यावयाचे, हे आम्ही कित्येक युनियनच्या कार्यकारिणीत घडताना पाहिलेले नाही. म्हणून त्या गोष्टीचे आम्हांला अधिक कौतुक वाटते.

पुरावा लवकरच आला. १९५९ मध्ये रशियाच्या ल्युना यानांना कणांच्या झोताची चाहूल लागली. १९६२ साली अमेरिकेचे मरिनर-२ शुक्राकडे निघाले आणि तीन महिन्यांहून अधिक काळ त्याने वारा मोजला. एक दिवसही तो पडला नाही. मंद, जोरदार, पण सतत. यान सूर्याकडे सरकत गेले तसा दाटपणा वाढत गेला. वेग मात्र अंतराच्या हिशेबाने वाढला किंवा घटला नाही. पुढे १९७४ व १९७६ साली सुटलेली हेलिओस याने सूर्याच्या पृथ्वीपेक्षा तीनपटींहून अधिक जवळ गेली, आणि वर्गाच्या सूत्राची तेथेही परीक्षा झाली. १९९० साली सुटलेल्या युलिसिसने सूर्याच्या ध्रुवांवरून जाऊन पाहिले; तेथून सुटणारा वारा ७५० किलोमीटरांचा आणि विरळ, तर विषुववृत्ताकडचा मंद आणि दाट. तेव्हा वारा एक नव्हे, त्याच्या दोन जाती आहेत हे पक्के झाले.

सूत्राला दोन्ही टोकांना मर्यादा आहेत. सूर्याच्या अगदी जवळ वेग चढत असल्यामुळे दाटपणा वर्गापेक्षाही झपाट्याने उतरतो. ते पाहावयास २०१८ साली पार्करच्याच नावाचे यान गेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते प्रभामंडळात शिरले आणि २०२४ च्या २४ डिसेंबरला सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरांवरून गेले. ज्याला परीक्षकांनी नापास केले त्या पार्करने स्वतःच्या नावाचे यान उडताना पाहिले, आणि मग २०२२ साली तो वारला. दुसरे टोक व्हॉयेजर यानांनी गाठले. बाहेर जाता जाता वारा वाटेतल्या परक्या अणूंना ओढून घेतो आणि त्या ओझ्याने थोडा मंदावतो. मग पृथ्वी-सूर्य अंतराच्या ८० ते ९५ पटींवर तो एकदम अडखळतो. व्हॉयेजर-१ ने ही सीमा २००४ साली आणि व्हॉयेजर-२ ने २००७ साली ओलांडली. सुमारे १२० पटींवर सूर्याचे राज्य संपते. तेथे पहिले यान २०१२ साली व दुसरे २०१८ साली पोचले. त्या वेशीबाहेर दाटपणा घटण्याऐवजी एकदम कित्येक पटींनी वाढला, कारण तेथून ताऱ्यांमधला वायू सुरू होतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. या वाऱ्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्याच्या एका वादळाची नोंद झाली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन याला सूर्यडागांजवळ पांढरा लखलखाट दिसला. सतरा-साडेसतरा तासांनी जगभरच्या चुंबकसूच्या थरथरू लागल्या, तारायंत्रांच्या तारांत आपोआप वीज खेळू लागली. कुलाब्यास चुंबकसूचीची टिपणे माणसे डोळ्यांनी पाहून लिहीत असत. त्या दिवशीही त्यांनी ती लिहिली, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची प्रचंड घसरण कागदावर उतरली. दीडशे वर्षे तो कागद पडून होता. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या लखिना व अलेक्स यांनी अमेरिकेच्या त्सुरुतानी प्रभृतींबरोबर त्याचा अभ्यास केला, तेव्हा कुलाब्याची ती नोंद त्या महावादळाचा मोलाचा पुरावा ठरली. सतरा-साडेसतरा तासांत पंधरा कोटी किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दोन हजारांहून अधिक किलोमीटर! हा नेहमीचा वारा नव्हे. सूर्याने फेकलेला ढग. तरी १८९२ साली लॉर्ड केल्विनसारखा धुरंधर पंडित सांगत होता की, चुंबकीय वादळे आणि सूर्य यांचा संबंध जोडणे चूक आहे. पाळीला बसून आकडा उतरविणाऱ्या कारकुनाचा कागद खरा निघाला आणि लॉर्डसाहेबांचा निवाडा खोटा. आमच्या पेशाच्या माणसाला असा प्रसंग सांगताना थोडा आनंद होतो, तो श्रोत्यांनी पोटात घालावा.

कुलाब्याची पुढली हकीकत तर आजच्या वादाशी नाते सांगते. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला जागा निवडली. चुंबकत्व नसलेला दगड पाहून इमारत बांधविली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे वेध एकाच वेळी चालू ठेवले, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. मग १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. शहराला ट्राम मिळाली आणि शास्त्राची मालिकाही तुटली नाही. ट्रामा १९६४ साली बंद झाल्या. अलिबागची वेधशाळा चालू आहे.

कल्याणचा प्रसंग १९६५ चा. गोविंद स्वरूप ऑस्ट्रेलियात शिकत असताना सिडनीजवळच्या बत्तीस लहान थाळ्या तेथे निरुपयोगी झाल्या होत्या. त्या भारताला देणगी म्हणून मिळाल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्या कल्याणजवळ उभारल्या आणि भारतातली पहिली रेडिओ दुर्बीण तयार झाली. तिने सूर्याचाच कानोसा घेतला. प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे हे रेडिओ लहरींवरून पाहिले. रेल्वेच्या शेडमधल्या भोंग्यांच्या गावात, परक्या देशाने टाकून दिलेल्या थाळ्यांवर हे झाले. पुढे स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली. सौर वाऱ्याच्या अभ्यासात उटीचे नाव जगभर झाले ते एका विलक्षण युक्तीमुळे.

ती युक्ती अशी. तापलेल्या तव्यावरून पलीकडे पाहिले की भिंत हलल्यासारखी दिसते. दूरच्या, अगदी बारीक दिसणाऱ्या रेडिओ-उगमाच्या लहरी सौर वाऱ्यातून येतात तेव्हा वाऱ्यातल्या दाट-विरळ गाठींमुळे त्या अशाच लुकलुकतात. लुकलुक किती, यावरून वाऱ्यातल्या गाठींचा अदमास लागतो. आणि लुकलुकीची सावली जमिनीवरून किती वेगाने सरकते, यावरून वाऱ्याचा वेग. यान न पाठविता, खुर्चीवर बसून, सूर्याच्या निरनिराळ्या अंतरांवरचा वारा असा तपासता येतो. ही लुकलुक १९६४ साली केंब्रिजला अँटनी ह्यूइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखली. तिच्या अभ्यासासाठी त्यांनी साडेचार एकरांवर खांब ठोकून आणि तारा ताणून एक दुर्बीण उभारली. ते खांब ठोकणाऱ्यांत जोसेलिन बेल नावाची विद्यार्थिनी होती. १९६७ साली नोंदीच्या कागदावर तिला लुकलुकीत न बसणारी एक खूण सापडली. ठराविक वेळाने, घड्याळासारखी, टकटक करणारी. तो पहिला पल्सार, म्हणजे स्पंदणारा तारा. १९७४ साली त्या शोधाच्या नोबेल पारितोषिकात ह्यूइशचे नाव होते, बेलचे नव्हते. यावर आम्ही काही बोलत नाही. श्रोत्यांतल्या कष्टकऱ्यांना सांगावयास नको.

सौर वारा ऐकावयास गेले आणि पल्सार हाती लागला. आता खोडदला नेमके उलट घडते. पल्सार ऐकावयास बसतात आणि सौर वारा मोजावा लागतो.

नारायणगावजवळच्या खोडदची दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. चौदा मध्यभागी एक चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि सोळा तीन फाट्यांवर २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. स्वरूपांची मोठी करामत थाळीच्या पृष्ठभागात आहे. पत्रा ठोकण्याऐवजी त्यांनी पोलादी दोरांवर बारीक तारेची जाळी ताणली. जाळीची भोके दहा ते वीस मिलिमीटरची. ज्या लहरी पकडावयाच्या त्या वीस सेंटीमीटरांहून लांब, म्हणून त्यांना ही जाळी भिंतीसारखी. आणि डोंगरावरून येणारा आपला साधा वारा मात्र भोकांतून निघून जातो. म्हणून थाळी हलकी, पाया लहान आणि खर्च बेताचा. १९९० नंतरच्या दशकात ही दुर्बीण उभी राहिली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये जगातल्या शास्त्रज्ञांना रीतसर खुली झाली. गोविंद स्वरूप २०२० च्या सप्टेंबरमध्ये पुण्यास वारले.

काही पल्सार सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात, आणि त्यांची टकटक इतकी नेमकी की त्यांना घड्याळ मानून भारतीय व जपानी शास्त्रज्ञांचा एक गट खोडदहून त्यांच्यावर पाळत ठेवतो. गुरुत्वलहरींनी ही घड्याळे किंचित पुढेमागे होतात काय, हे त्यांना पाहावयाचे. त्यांनी युरोपीय शास्त्रज्ञांबरोबर जून २०२३ मध्ये तशा खुणा सापडल्याचे जाहीर केले. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेव्हा वर्षातून एकदा काही पल्सारांच्या लहरी सूर्याच्या जवळून येतात. सौर वाऱ्यातले इलेक्ट्रॉन त्या लहरींना रेंगाळवितात. लांब लहरीला जास्त, आखूड लहरीला कमी. एखाद्या भोंग्यातून जाड आणि बारीक असे दोन आवाज एकदम निघाले, आणि मधल्या गर्दीतून येताना जाड आवाज मागे पडला, तर किती मागे पडला यावरून गर्दी मोजता यावी, तसा हा हिशेब. पल्सार आकाशात सूर्यापासून दहा अंशांवर दिसत असेल तर ४०० मेगाहर्ट्झच्या लहरीला केवळ सौर वाऱ्यामुळे सुमारे पंधरा मायक्रोसेकंद उशीर होतो. १४०० मेगाहर्ट्झच्या लहरीला जेमतेम एक. आणि घड्याळ तर मायक्रोसेकंदाच्या आत जुळवावयाचे! हा उशीर वजा केल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही. वजा करावयाचा तर दाटपणा अंतराच्या वर्गाने उतरतो हेच गिरणीच्या दरवाजाचे सूत्र आधी धरावे लागते, आणि ते कोठे पुरत नाही हेही पाहावे लागते. कारण सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रागणिक आणि दिशेगणिक वारा बदलतो. आखूड लहरींवर हा वारा नीटसा जाणवतच नाही. खोडदच्या लांब लहरींवर तो ठळक दिसतो, हे या दुर्बिणीचे वैशिष्ट्य.

उपयोग काय, असे विचारणाऱ्यास एकच उदाहरण देतो. १३ मार्च १९८९ रोजी सूर्याकडून आलेल्या अशाच वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली वीज गेली. साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात होते. म्हणून आपल्या देशानेही २०२३ साली आदित्य-एल१ हे यान पाठविले. ते जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूस राहून वारा मोजत आहे. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत घडली.

उरला प्रश्न शांततेचा. पल्सारची टकटक इतकी क्षीण की शेजारच्या विजेच्या ठिणगीतही ती बुडून जाते. खोडदची जागा निवडली तीच मुळी माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट येथे कमी आणि डोंगरांचा आडोसा बरा म्हणून. तो गोंगाट कमीच राहावा यासाठी आसपासच्या टापूत कारखान्यांवर, मनोऱ्यांवर बंधने आली. पुणे-नाशिक रेल्वेची आखणीही याच दुर्बिणीपाशी येऊन अडखळली. रेल्वे हवी असणारे एका बाजूस आणि दुर्बीण जपणारे दुसऱ्या बाजूस, असे चित्र वर्तमानपत्रांतून रंगविले जाते. आम्हांला ते पटत नाही. मूससाहेबांनी ट्राम अडविली नाही आणि वेधही सोडले नाहीत. आधी सरकारी पैशाने नवी जागा उभी राहिली, मग ट्राम आली. खोडदच्या तीस थाळ्या मात्र उचलून नेता येणार नाहीत. तेव्हा येथे सरकावयाचा तो रूळ, आणि रूळ सरकल्यामुळे ज्या गावांची स्टेशने गेली त्यांना दुसरे काही मिळाले पाहिजे. दुर्बिणीला न खुपणारे धंदे पुष्कळ आहेत. टोमॅटो, कांदा, द्राक्षे, दूध यांवर प्रक्रिया करणारे, झाकबंद यंत्रांचे, तपासून परवानगी देता येईल असे. त्यांची यादी दुर्बिणीच्या तज्ज्ञांनी आणि उद्योगखात्याने एकत्र बसून करावी, ती मराठीत छापून जुन्नर, मंचर आणि नारायणगावच्या कचेऱ्यांत लावावी, आणि परवानगीचा निकाल किती दिवसांत मिळेल तेही तिच्यावर लिहावे. दक्षिण आफ्रिकेने आपल्या दुर्बिणींसाठी २००७ साली स्वतंत्र कायदा केला. पण त्यांच्या दुर्बिणी कारूच्या ओसाड माळावर आहेत, आणि आपली दुर्बीण उसाच्या व कांद्याच्या शेतांत, भरवस्तीत उभी आहे. त्यांच्या कायद्याची नक्कल येथे चालणार नाही. येथल्या शेतकऱ्याला, कामगाराला आणि शास्त्रज्ञाला एका टेबलाशी बसवूनच तो मसुदा करावा लागेल, आणि त्या बैठकीचे निमंत्रण शास्त्रज्ञांकडून आधी यावे असे आम्हांला वाटते.